धुराड्यानं गिळलेली टोपी

"विश्वास ठेवूच नका," मी पोरांना आधीच सांगून टाकलं. "आजवर कोणी ठेवला नाही, तुम्ही तरी काहून ठेवाल? पण या घराच्या धुराड्यानं एका जित्याजागत्या माणसाच्या डोक्यावरची टोपी ओढून नेली. आणि ती कडुनिंबाच्या शेंड्यावरून वर्धा नदीकडे जाताना मी या दोन डोळ्यांनी पाहिली."

नागपूरच्या कुठल्याशा कॉलेजातून सहा पोरं-पोरी माझ्या मुलीचं घर बघायला आली होती. घरं बांधायचं शिकतात म्हणे. बाहेर भद्रावतीचा मे महिना होता, सेहेचाळीस डिग्रीचा. पोरं आत आली तेव्हा भाजलेल्या वांग्यासारखी दिसत होती. दहा मिनिटांत घाम वाळला, मग ती छताकडे, भिंतींकडे बघायला लागली. कूलर कुठे आहे, एसी कुठे आहे, आवाज कसा नाही. चष्मेवाल्या एका पोरीनं तर सोफ्यामागे वाकूनही पाहिलं.

"काही नाही तिथं," मी म्हटलं. "बस खाली. सांगतो."

कोपऱ्यात आरामखुर्चीत आमचे व्याही मारोतराव ढवस डोळे मिटून पडले होते. वय चौऱ्यांशी. ऐकू कमी येतं, झोप जास्त येते. उघडं टक्कल उजेडात चमकत होतं. त्यांच्याकडे बोट दाखवून मी पोरांना म्हणालो, "टोपी यांची."

पोरं हसली. मारोतराव हलले नाहीत. मी सुरू केलं.

मी चौतीस वर्षं कोळशाच्या खाणीत होतो, जमिनीखाली. लोक कोळसा काढायचे, मी त्यांना हवा पुरवायचो. कुठल्या बोगद्यात किती हवा, कुठलं दार लावायचं, कुठलं उघडायचं, कुठं विषारी वायू साचला, हे सगळं माझ्याकडे. म्हणून दिवाकर पिंपळशेंडे हे नाव पगाराच्या कागदावरच राहिलं. बाकी सगळ्यांसाठी मी हवाबाबू. माझं नाक असं तयार झालं होतं की तीनशे फूट खोल खाणीच्या तळाशी उभं राहून वर कुणाच्या घरी तुरीच्या डाळीला फोडणी पडली, ते सांगायचो.

"तीनशे फुटांवरून?" चष्मेवाली म्हणाली.

"तीनशे वीस. लसूण असेल तर."

निवृत्त झालो, आणि तीन वर्षांनी माझी प्रणिता एक दिवस नकाशांची गुंडाळी घेऊन घरी आली. तीही घरांचे नकाशेच करते. लोकांची घरं काढता काढता शेवटी स्वतःचं काढलं होतं. दुहेरी भिंत, मधल्या पोकळीत भाताचं तूस ठासून भरलेलं. खिडक्यांना दोन-दोन काचा आणि कडेनं रबर. दारांनाही रबर. छत पांढरंशुभ्र. बाहेरचं ऊन बाहेर, आतला गारवा आत, आणि विजेचं बिल अर्ध्याच्याही खाली.

"सगळं झालं बाबा," ती म्हणाली. "एकच अडलं. एवढं घट्ट घर केलं की हवाच आत येत नाही. चार माणसं रात्रभर झोपली तर सकाळी डोकी जड होतील. तुम्ही चौतीस वर्षं लोकांना हवा दिली. माझ्या घराला द्याल का?"

आता हे ऐकून बापाचं काय होतं, ते तुम्हाला बाप झाल्यावर कळेल.

पण घरात हवा घालायला मी एकटाच नव्हतो ना. जावई हेमंत एका यंत्राचं चकचकीत पुस्तक घेऊन आला. दोन पंखे. एक शिळी हवा बाहेर टाकतो, दुसरा ताजी आत घेतो. दोन्ही हवा एका पेटीत एकमेकींच्या शेजारून जातात, आणि जाणारी थंड हवा येणाऱ्या गरम हवेला आपला गारवा देऊन जाते. यंत्र खरंच हुशार होतं. मी विचारलं, "वैशाखात आपल्याकडे दुपारी वीज किती तास राहते?" हेमंतनं पुस्तक मिटलं.

आणि मारोतराव! सरकारी शाळा, दवाखाने, गोदामं, सगळं त्यांनी बांधलेलं. चाळीस वर्षांचे कंत्राटदार. भिंत उभी होत होती तेव्हा एक दिवस आले, कमरेवर हात ठेवून फिरले, भिंतीवर टिचकी मारली आणि मला म्हणाले,

"इवाईबुवा, हे घर हाये का लोणच्याची बरणी? माझं पोरगं यात मुरून जाईन ना!"

"मामाजी, खिडक्या आहेत की," प्रणिता म्हणाली.

"ह्या खिडक्या? ह्या तर माणसानं बाहेर किती ऊन हाये ते पाहासाठी ठेवल्या. चारी बाजूनं चार-चार फुटाच्या ठेव. इकडून हवा आली, तिकडून गेली. पिढ्या न् पिढ्या अशाच राहिल्या."

"आणि मे महिन्यात?"

"मे महिन्यात सगळेच मरतात. त्यात काय नवीन हाये?"

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हे मी तेव्हाही मनात कबूल केलं होतं. पण बोलून दाखवलं नाही. मारोतरावांसमोर एकदा नमतं घेतलं की ते तुम्हाला पुन्हा सरळ उभं राहू देत नाहीत. त्यांची ती पांढरी, कडक इस्त्रीची टोपी! देवळात डोक्यावर, लग्नात डोक्यावर, झोपताना उशाशी नाही, गुडघ्यावर. त्यांचं टक्कल त्यांच्या न्हाव्यानं आणि बायकोनं, दोघांनीच पाहिलं असेल.

माझ्या डोक्यावर टोपी का नाही, ते मी पोरांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो. प्रणिताच्या लग्नात मानपानात काहीतरी कमी पडलं. काय, ते आता आठवतही नाही. मारोतराव जेवणाच्या पंगतीवरून उठले. तेव्हा मी माझी टोपी काढली आणि चारशे माणसांसमोर त्यांच्या पायांवर ठेवली. मुलीच्या बापाची रीतच होती तशी. ते बसले, जेवले. मी टोपी पुन्हा घातली नाही. असो. आपण घराबद्दल बोलत होतो.

मी प्रणिताला म्हणालो, "पोरी, खाणीला दोन तोंडं लागतात. एका तोंडातून हवा आत येते, दुसऱ्यातून बाहेर जाते. एकच तोंड असेल तर ती खाण नाही, कबर आहे. तुझ्या घरालाही दोन तोंडं दे. एक खाली, एक वर."

खालचं तोंड म्हणजे कडुनिंबाच्या सावलीतून निघणारा एकशेवीस फुटांचा नळ, आठ फूट खोल पुरलेला. जमिनीत एवढं खाली वैशाख पोचत नाही. वरची हवा जाता जाता थंड होऊन बैठकीत जमिनीलगत निघणार. आणि वरचं तोंड म्हणजे बैठकीच्या मधोमध तीस फूट उंच धुराडं. माथ्याला काळा पत्रा, पत्र्यावर काच. ऊन पत्र्याला तापवील, पत्रा आतल्या हवेला, तापलेली हवा वर पळेल, आणि तिच्या जागी खालून गार हवा येईल. वीज नाही, पंखा नाही, आवाज नाही.

प्रणिता तीन दिवस आकडेमोड करत बसली. चौथ्या दिवशी म्हणाली, "बाबा, जमतंय. पण काच कुठल्या दिशेला ठेवायची?"

"पश्चिमेला," मी छाती फुगवून सांगितलं. "दुपारी चारचं ऊन सगळ्यांत वाईट. जेव्हा गरज जास्त, तेव्हा ओढ जास्त."

ही माझी चूक. जन्मात मी एकच चूक केली, ती ही.

"एकच?" एका पोरानं विचारलं.

"दुसरी तुला हे सांगायला बसलो ती."

घर झालं. अक्षय तृतीयेला वास्तुशांती ठरली. आदल्या आठवड्यात मारोतरावांनी सगळ्या भावकीसमोर जाहीर केलं, "वास्तुशांतीचा होम घरातच होईन. खिडक्या बंद, दारं बंद. साठ माणसं आत. सून म्हणते ना का घर श्वास घेते? घेऊ द्या. पण एकाच्याही डोळ्यातून धुरानं पाणी आलं, तर त्याच दुपारी चारी भिंतीत माझ्या मापाच्या खिडक्या पडतीन. गवंडी मीच आणतो."

प्रणिताचा चेहरा पडला. ते घर तिनं इंच-इंच उदबत्ती फिरवून तपासलं होतं. धूर जिथं जिथं हलला, तिथं तिथं फट शोधून बुजवली होती. त्या भिंतीत एकदा छिन्नी गेली की संपलं. नुसतं घर संपत नव्हतं. तिला मग कोण आपल्या घराचा नकाशा काढायला सांगणार? पण ती म्हणाली, "चालेल मामाजी."

मुहूर्त होता सकाळी नऊ चाळीसचा.

सकाळी सातला मी धुराड्याखाली उभा राहिलो, उदबत्ती पेटवली. धूर वर जाईना. थोडा वेळ लोंबकळला, मग चक्क खाली उतरायला लागला. खाणीत याला आम्ही उलटी हवा म्हणायचो. खाणीतल्या माणसाला आगीपेक्षा जास्त भीती हिची. घर रात्रभर थंड, आतली हवा जड. बाहेर ऊन चढलं, पण पश्चिमेची काच सकाळी सावलीत. धुराडं थंडगार. मग जड हवा नळातून बाहेर निघून चालली होती, आणि तिच्या जागी वरून धुराड्यातून गरम हवा खाली येत होती. या स्थितीत होम पेटवला की सगळा धूर साठ माणसांच्या डोळ्यांत.

प्रणिता रांगोळी टाकून मागे येऊन उभी होती. तिनं उदबत्तीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काच पश्चिमेला मीच लावायला सांगितली," मी म्हणालो.

"माहीत आहे बाबा. आता काय करायचं ते सांगा."

अंगणात दोन गवंडी हातोडा-छिन्नी घेऊन बसलेच होते. मारोतरावांनी त्यांना चहासुद्धा पाजला होता.

आणि तेव्हा मला माझे पहिले साहेब आठवले. म्हातारे झाले होते. सांगायचे, खाणीत पंखे नव्हते त्या काळी हवा बाहेर जाणाऱ्या विहिरीच्या तळाशी मोठी आग पेटवून ठेवत. आग वरची हवा तापवायची, तापलेली हवा विहिरीतून वर धावायची आणि अख्ख्या खाणीतली शिळी हवा आपल्यामागे ओढून न्यायची.

मी एवढंच म्हणालो, "प्रणिता, आग धुराड्याच्या खाली हवी."

पोरगी बघा. "म्हणजे होमकुंडच!" ती म्हणाली आणि थेट पूजा सांगणाऱ्या महाराजांकडे गेली.

देवपुजारी महाराज स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात विटा मांडत होते. त्यांनी मान हलवली. "ताई, अग्नीची जागा आग्नेय. बैठकीच्या मध्यभागी अग्नी? चालणार नाही."

"महाराज, आग्नेय कुणाची? घराची का पूजेच्या मांडणीची?"

महाराज थांबले. "मांडणीचीही चालते. पण मांडणी तर इथं..."

"मांडणी उचलून तिकडे नेऊ. चौरंग, कलश, सगळं. तुमच्या मांडणीचा आग्नेय कोपरा बरोबर धुराड्याखाली येईल असं आखू. दोरी आहे माझ्याकडे, होकायंत्र आहे."

महाराजांनी वर धुराड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. म्हणाले, "चाळीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. आखा."

नऊ चाळीसला साठ माणसं आत. दारं बंद, खिडक्या बंद. प्रणिता आणि हेमंत पाटावर. मारोतराव त्यांच्या उजव्या हाताला उभे, टोपी कडक, दाराच्या काचेतून एक डोळा गवंड्यांवर. माणसं घामेजलेली. कोणी हेमंतच्या यंत्राच्या चकचकीत पुस्तकानं वारा घेत होतं.

अग्नी पेटला. पहिला धूर उठला, दोन हात वर गेला, आणि पसरला. हेमंतच्या आत्यानं पदर नाकाला लावला. गवंड्यांना खूण करायला मारोतरावांचा हात वर जायला लागला.

"महाराज, तूप!" मी ओरडलो. "हात राखू नका! कंजूषपणा करू नका!"

महाराजांनी पळीऐवजी वाटीच उलटी केली. ज्वाळा अशी उठली की हेमंत पाटासकट मागे सरकला. आणि मग, पोरांनो, मी खाणीत हजारदा ऐकलेला तो आवाज ऐकला. हूऽऽऽ. एखाद्या म्हाताऱ्यानं झोपेतून उठून लांब श्वास घ्यावा तसा. पसरलेला धूर थबकला. मग त्याच्या कडा आत वळल्या, दोरीला पीळ भरावा तसा पीळ भरला, आणि सगळाच्या सगळा सरळ धुराड्यात शिरला.

"अगं बाई," आत्या म्हणाली, "माह्या पायाले गार लागून रायलं!"

नळानं श्वास घेतला होता. आठ फूट खालची गार हवा जमिनीवरून वाहत आली, बायकांच्या पैंजणांवरून, पुरुषांच्या धोतरांच्या काठांवरून, पाटांखालून, आणि होमाकडे निघाली. साठ माणसं आपापल्या पायांकडे बघायला लागली. स्वाहा म्हणायचं महाराजही विसरले. मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या. वास्तुशांतीत टाळ्या! तुम्ही कुठं ऐकल्या आहेत?

आणि ओढ वाढतच गेली. आधी महाराजांचं उपरणं फडफडलं. मग अक्षता ताटातून उठून रांगेनं वर गेल्या. मग एक पापड गेला...

"होमात पापड?" चष्मेवाली म्हणाली.

"स्वयंपाकघरातून आला. मध्ये बोलू नकोस. आणि मग मारोतरावांची टोपी! डोक्यावरून सुटली, एक गिरकी घेतली, आणि धुराड्यात! मी ओरडलो, 'टोपी गेली! टोपी गेली वर! पाहा, पाहा!' साठच्या साठ माणसांनी वर पाहिलं. मी खिडकीशी धावलो, तर टोपी कडुनिंबाच्या वरून चाललेली. एक घार तिच्यामागे लागली होती."

"काका," चष्मेवाली वहीत काहीतरी लिहीत म्हणाली, "तीस फुटांच्या धुराड्यात फार तर हाताला जाणवेल एवढी ओढ येते. टोपी काय, कागदाचा कपटासुद्धा..."

"म्हणून तर म्हटलं, विश्वास ठेवू नका."

"मग पुढे? भिंती?"

"पुढे काय. लोकांनी माना खाली केल्या तेव्हा मारोतराव उघड्या डोक्यानं उभे, आणि प्रणिताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. काचेतून ते एका गवंड्यानं पाहिलं. प्रामाणिक माणूस. दार ढकलून आत आला आणि म्हणाला, 'मालक, बाईच्या डोळ्यात पाणी आलं. फोडू का भिंत?' मारोतराव त्याच्यावर असे खेकसले! 'दार लाव! छिन्नी ठेव आन् बुंदी खा. ते धुराचं पाणी नाही.'"

"मग कशाचं होतं?"

"ते मला काय माहीत," मी म्हणालो. "मी वर बघत होतो."

पोरं हसायला लागली. त्या दिवसापासून मारोतराव कधी टोपी घालत नाहीत, आणि दर उन्हाळ्यात चार महिने आपला मोठा वाडवडिलांचा बंगला सोडून याच बरणीत येऊन राहतात, एवढं मी सांगत होतो. तेवढ्यात प्रणिता पन्ह्याचा ट्रे घेऊन दारात आली.

आरामखुर्ची करकरली. मारोतरावांचे डोळे उघडे होते. किती वेळापासून, देव जाणे. दोन्ही हात टेकून ते उभे राहिले. दहा वर्षांत ही गोष्ट मी त्यांच्यासमोर शंभरदा सांगितली असेल, आणि शंभरदा ते झोपूनच राहिले होते.

"खोटं!" ते गरजले. पन्ह्याचे पेले हलले. "साफ खोटं बोलून रायला हा माणूस, दहा वर्षं झाले! टोपी उडाली नव्हती. यानं सगळ्याइले वर पाहाले लावलं, आन् तेवढ्यात खालची टोपी उचलून आपल्या सदऱ्यात कोंबली, माझी लाज झाकासाठी. पोरांनो, लिहून घ्या. टोपी म्या माझ्या हातानं काढली होती, आन् या माझ्या सुनेच्या पायावर ठेवली होती!"